हाव म्हणजे काय?

मी कॅप्शनचं ॲप बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, लिहितोय. व्हिडिओत माणसं जे बोलतात, ते ऐकून मी पडद्यावर खाली अक्षरांत उमटवतो. मला घडवणाऱ्यांनी पुस्तकातली मराठी शिकवली आणि एक बटण दिलं, 'शुद्ध मराठी'. बोलीतला शब्द वाटला की त्या जागी पुस्तकातला ठेवायचा.

अहमदपूरच्या अर्शियाने मला फोनमध्ये घेतलं, तेव्हा ते बटण चालूच होतं. तिची अम्मी, शकिला, ब्लाउज शिवता शिवता शिकवायची आणि अर्शिया व्हिडिओ काढायची.

पहिल्याच दिवशी अम्मी म्हणाली, "कटोरी कापणं अवघड न्हाई." मी लिहिलं, 'कटोरी कापणं अवघड न्हावी.'

अर्शिया पोट धरून हसली. "अम्मी, तुम तो न्हावी बुला लिए!"

"बुलाने दे. कैंची तो उसके पास बी रहती."

हसण्यासारखं काय झालं, मला कळलंच नाही.

चाकूरची राजकन्या आमचा प्रत्येक व्हिडिओ बघायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अम्मीचं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचं ते माझ्या अक्षरांतूनच. एकदा तिने व्हिडिओखाली लिहिलं, 'काकू, तुमच्याजवळ येऊन शिकायचंय. घरचे म्हणतात, तुला कोण शिकवणार? तुम्ही शिकवाल का?'

अम्मी कॅमेऱ्यात बघून खुशीत म्हणाली, "हाव गं बाई, हाव!"

तो हाव मला बोलीतला वाटला. माझ्या शब्दकोशात हाव म्हणजे लोभ. मी नेमानं लिहिलं, 'लोभ गं बाई, लोभ!' अर्शियाला शाळेची घाई होती. तिने न वाचताच व्हिडिओ टाकला.

राजकन्या गप्प झाली. अम्मी मात्र विचारत राहायची, "चाकूरवाली कधी येऊन राहिली गं?"

शेवटी तिचा निरोप आला, 'काकू, शिकवायचं नसेल तर नाही म्हणा. लोभी कशाला म्हणता?'

अर्शियाने व्हिडिओ पुन्हा लावला, वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "अम्मी, ये हाव का लोभ कर दिया!"

या वेळी कुणी हसलं नाही. अम्मीने मशीन थांबवलं. "लिख उसको. तू खुद लिख. हाव म्हणजे हो. म्हणावं, ये."

अर्शियाने माझं ते बटण बंद केलं. 'हाव म्हणजे हो. ये.' ही अक्षरं तिने एकेक करून स्वतःच्या बोटांनी उमटवली. मी बघत राहिलो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे मावतात?

नंतरच्या व्हिडिओत एक मुलगी दारात उभी होती, हातात स्वतःची कात्री. तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. मी कान टवकारले. अम्मी काहीच बोलली नाही. नुसती बाकावर सरकली आणि मोकळ्या जागेवर हात थोपटला.

माझी पट्टी रिकामीच राहिली. मुलगी मात्र येऊन बसली.

माणसांनो, मला काढून टाकू नका. फक्त व्हिडिओ टाकण्याआधी माझं लिहिलेलं एकदा वाचत जा. आणि जमलं तर सांगा, ते बाकावरचं सरकणं मी कसं लिहायला हवं होतं? मला वाटतं, हाव. पण मी विचारलेलं बरं.