अंगणातली हिरवी सवत

मी एक जुनी, पिवळी स्कूटर आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार सोशिक होतात, असं मी पाहिलं आहे. मला ते जमणार नाही. माझ्या वाट्याचं कुणी दुसऱ्याला दिलं की माझ्या पोटात दुखतं आणि दुखलं की मी ते बोलून दाखवते.

कारखान्यातून मी थेट बाबांकडे आले. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पुढे त्यांची मुलगीही त्याच कामात पडली. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. पायापाशी हत्यारांची पेटी, हँडलला तेलाची पिशवी अडकवलेली, अशा थाटात आम्ही दोघी घरोघर फिरायचो. "ताईची पिवळी आली!" असं लोक लांबूनच म्हणायचे. माझ्या आवाजावरून तिची ओळख पटायची. याहून मोठं कौतुक मला ठाऊक नाही.

त्या घराच्या धंद्याची एक शिस्त होती. मशीन खोलण्याआधी त्याला चिठ्ठी बांधायची. तारीख, काय दुखतंय, काय दिसतंय, सगळं त्या चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. काढलेला प्रत्येक भाग पुरचुंडीत बांधून परत द्यायचा, मग तो मोडका स्क्रू का असेना. बाबा म्हणायचे, "जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात पडला की त्याचं मन निवतं."

मग बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आठवड्यातून तीनदा इस्पितळात येऊन व्यायाम केला तर सहा महिन्यांत पायांवर चालतील. टाळाटाळ केली तर खुर्ची कायमची. आता खुब्याच्या माणसाने माझ्यावर बसायचं कसं? मला ते समजत होतं. पण समजलं म्हणून जळायचं थांबतं का?

ताईने सेकंडहँड व्हॅन घ्यायची ठरवली. जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार बाजारामागे होतं. त्याला सगळे गोडबोल्या म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तो हसायचा. ताई माझ्यावरूनच तिथे गेली. म्हणजे सवत पसंत करायला मलाच नेलं!

ती हिरवीगार होती. काचा लखलखीत, आत अत्तराचा घमघमाट. गोडबोल्या साखर पेरत होता. "ताई, एका म्हाताऱ्या प्राध्यापकांची गाडी आहे. रविवारी फक्त बाहेर निघायची. पोटच्या पोरीसारखी जपलीये हो त्यांनी."

"पाणीबिणी नाही ना लागलेलं?" ताईने विचारलं. "बाबा म्हणालेत, लिहून घे."

"लिहून देतो की! त्यात काय?" असं म्हणत त्याने पावतीच्या मागे झोकात लिहून दिलं. ताईने पुढची बाजूही वाचली. तिथे बारीक अक्षरांत 'गाडी जशी आहे तशी घेतली' असं छापलेलं होतं. तिने सही केली.

त्या दिवसापासून माझी जागा गेली. पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि मी बाहेर भिंतीला टेकून. ताई तिच्या काचा जुन्या मऊ साडीने पुसायची. मला कधी काळी पुसलं तर फाटक्या पायपुसण्याने! शेजारच्या काकू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून "छान हो, छान" करून गेल्या आणि जाताना माझ्या सीटवर भाजीची पिशवी टेकवून चप्पल नीट करून घेतली. मित्रांनो, मी त्या हिरवीचं वाईट चिंतलं. रोज चिंतलं. बंद पड, पंक्चर हो, तुझ्यावर कावळे बसोत, जे सुचेल ते.

तिसऱ्या दिवशी तिच्यातून खडखड ऐकू आली. मी कान टवकारले.

इथेच ताईची चूक झाली आणि ती तिच्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकते. दुसरं कुणी असतं तर त्याच पावली गोडबोल्याकडे गेलं असतं. पण बिघडलेलं यंत्र दारातून परत पाठवायचं म्हणजे त्या घराला नाक कापल्यासारखं. "खडखड तर आहे, त्यात काय मोठंसं," असं म्हणत तिने पाना उचलला. मात्र हाताची सवय जाईना. खोलण्याआधी तिने चिठ्ठी लिहिली: 'सुरू होताना खडखड. गालिच्याखाली ओल. डाव्या सीटच्या पट्टीला गंज.' तारीख टाकली. गिऱ्हाइकाची सही कुणाची घ्यायची? तिने चिठ्ठी बाबांपुढे धरली आणि बाबांनीही गंभीर चेहऱ्याने गिऱ्हाईक म्हणून सही ठोकली. दोघं मग खूप हसले. मी हसले नाही. मशीनची चिठ्ठी मला कधी कुणी बांधली नव्हती.

खडखड गेली. पाच दिवसांनी इस्पितळाच्या वाटेवर, उड्डाणपुलाच्या चढावर हिरवी मेली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, काही नाही. ही बातमी काकूंनी अंगणात आणली तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू! पुढचं वाक्य ऐकेपर्यंत तो टिकला. बाबा आत अडकले होते. दार उघडेना, काच खाली होईना, भर दुपारच्या उन्हात दीड तास. बाहेर काढलं तेव्हा पाय असा आखडला होता की दोघांनी उचलून आणावं लागलं. पुढचे दोन आठवडे व्यायाम बुडाला. बाबा खिडकीशी बसून मांडी चोळायचे आणि मी भिंतीशी उभी राहून पाहायचे. माझ्या शापाने हे झालं नाही, एवढं मलाही कळतं. पण तोंड लपवायला मला जागा सापडेना.

गोडबोल्याकडे ताई पुन्हा माझ्यावरूनच गेली. आता त्याची साखर संपलेली होती. "तुम्ही इंजिन खोललंत, तुम्हीच बिघडवलीत. आणि 'जशी आहे तशी' घेतलीये. सही कुणाची आहे ही?"

घरी येऊन ताई पायरीवर बसून रडली. बाबा आतून म्हणाले, "रडतेस कशाला? ग्राहकांची तक्रार घेणारं कार्यालय आहे ना? लेखी दे. पावती, चिठ्ठी, सगळ्याच्या नकला जोड. आणि आता त्या गाडीला बोट लावू नकोस!"

आठ-दहा दिवसांनी तपासणीस बाई आल्या. सुती साडी, हातात फाइल, बोलणं मोजकं. गोडबोल्याही आला, रुमालाने मान पुसत. बाबांची खुर्ची अंगणात आणली होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी.

"यांनी खोलली बाईसाहेब, म्हणून बंद पडली," गोडबोल्या म्हणाला.

ताईने चिठ्ठी पुढे केली. बाईंनी दोनदा वाचली. "खोलण्याआधीची आहे ही? गिऱ्हाईक कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीचं गिऱ्हाईक."

बाईंच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. मग ताईने पुरचुंडी सोडली. खडखड काढताना बदललेले भाग त्यात जसेच्या तसे होते. खाचाखाचांत तपकिरी गाळ वाळून बसला होता. बाई उठल्या, हिरवीचं दार उघडलं आणि सीटचा पट्टा ओढू लागल्या. आपण बांधतो तेवढा नाही, तर शेवटच्या टोकापर्यंत, जिथवर तो कधीच बाहेर येत नाही. त्या टोकाला चिखलाची सरळ रेघ होती. ही गाडी पट्ट्याच्या उंचीपर्यंत पाण्यात बुडालेली होती.

"सेकंडहँड आहे बाईसाहेब," गोडबोल्या पुटपुटला. "जशी आहे तशी..."

"जुनी आहे म्हणून झीज चालेल. खोटं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "पाणी लागलेलं नाही, हे अक्षर तुमचंच ना? गाडी परत घ्या आणि यांचे सगळे पैसे द्या." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. पुढच्या वेळी आधी तक्रार, मग पाना. चिठ्ठी नसती तर माझे हात बांधलेले होते."

हिरवीला दोराने बांधून नेलं. फाटकातून जाताना ती एकदा अडखळली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिने कुठे काय खोटं सांगितलं होतं? तिला तर कुणी बोलूच दिलं नाही.

तुम्हाला वाटेल, मी सुधारले. छे! शेड पुन्हा माझी, म्हणून मी मनातले मांडे खात होते, तोवर महिनाभरात एक करड्या रंगाची व्हॅन आली. या वेळी बाबा चाकांच्या खुर्चीतून स्वतः गेले होते आणि त्यांनी म्हणे प्रत्येक पट्टा टोकापर्यंत ओढून पाहिला. तिच्यात खोट निघाली नाही, याचाही मला राग आला.

बाबा काठीवर चालू लागले त्या सुमारास ताईने मला विकायला काढलं. वाचनालयाची पुस्तकं घरपोच देणारी एक तरुण मुलगी मला पाहायला आली. मी ऊर फुगवून उभी राहिले. निदान आज तरी माझं कौतुक होईल!

"थंडीत पाच-सहा किक माराव्या लागतात," ताई म्हणाली. "मागचा ब्रेक कच्चा आहे. काटा खोटा वेग दाखवतो." एकामागून एक ती माझी लक्तरं वेशीवर टांगत होती. मग तिने माझ्या उजव्या पोटावर हात ठेवला.

"आणि इथे, रंगाच्या खाली, जोड आहे. वर्षापूर्वी माझ्या हातून भिंतीवर आदळली. वेल्डिंग पक्कं आहे, पण या बाजूला जड ओझं बांधू नका. तुटेल."

ही गोष्ट बाबांनाही माहीत नव्हती. ती आम्हा दोघींची होती. इतक्या वर्षांत मला ताईचा राग आला तो त्याच क्षणी.

मुलगी खाली वाकून जोड शोधू लागली. तिला काही दिसेना. "हे तर मला कधी कळलंच नसतं," ती म्हणाली.

"कळलं असतं," ताई म्हणाली. "वाटेत. पडल्यावर."

मुलीने मला घेतलं. निघताना बाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि ताईने माझं हँडल सोडायला उगाच वेळ लावला. आज मी पुस्तकांचं ओझं डाव्या बाजूला वाहते. उजवी बाजू रिकामी असते. रोज सकाळी ओझं बांधताना मुलगी त्या जोडावरून बोट फिरवते, आणि तो अजून धरून आहे.

मित्रांनो, आम्हा वाहनांना तोंड नाही. आमचं दुखणं विकणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि फसलात तर लाज न बाळगता दाद मागायची. मला विकताना माझ्या माणसाने माझी एकही खोट लपवली नाही. हिरवीसाठी तेवढं कुणीच केलं नाही. तिच्या रंगावर मी अजून जळते, पण त्या एका गोष्टीत तिनेच माझ्यावर जळावं.