जरा चालून दाखव

"उद्याच्या दिवस भूमिकेले थोडी वाकवून दे वं संध्या," माही मोठी बहीण अनुसयाबाई पार्लरच्या खुर्चीत बसत म्हणली. अन् वरतून म्हणते, "एका दिवसाचंच काम हाये."

माह्या हातात थ्रेडिंगचा दोरा होता. तो मी तसाच टेबलावर आपटला. म्हणलं, "बाई, तुह्या डोक्यात भुसा भरला का काय? वर्षभर घासली मी त्या पोरीले सरळ कराले. अन् आता वाकवू? कायले?"

"पाहुणे येऊन राहिले उद्या. पोरगा बुटका हाये म्हणते."

"मंग त्याले लांब कर. माह्या पोरीले काऊन आखूड करतं?"

पण हे असं मधातूनच सांगून तुम्हाले काही समजणार नाई. पहिल्यापासून सांगते.

मी कोहमाऱ्याच्या चौकात पार्लर चालवते. इकडं ढाबे, तिकडं ट्रकाईची लाइन, अन् मधात माहा गुलाबी बोर्ड. लोकाईले वाटते का मी भुवया कोरते अन् नवरीले रंगवते. ते तं कोणीही करते. मी चाल शिकवते. पार्लर टाकाच्या आधी मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करत होती. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, तवा आमचं नाटक राहे. शेतात मंडप, लोक जमिनीवर बसलेले, अर्धे पेंगून राहिलेले. तेवढ्यात राणी येते. खांदे पाडून आली तं लोक उठून चहा प्याले जाते. ताठ मानेनं आली तं चहावाला पण किटली खाली ठेवते. माह्या येण्यावर किटल्या खाली ठेवत होते लोक. मले त्याचा गर्व हाये, लपवून काय करू?

तं अशा मावशीची भाची भूमिका. नवेगाव बांधची, उदाराम भाऊजींची एकुलती एक पोरगी. उंच. म्हणजे उंचच. शाळेत पोट्टे तिले निलगिरी म्हणत. घरी आजी म्हणे, दारातून वाकून जा, लग्नाच्या पोरीनं एवढं ताठ राहू नये. सगळ्याईनं मिळून त्या पोरीले असं दाबलं का तिची पाठ गोल झाली, मान पुढं आली, अन् हात पोटाशी धरून चालाची सवय लागली. शिकली मात्र जोरात. परीक्षा पास करून कृषी सहायक झाली.

नोकरी लागली अन् खरी फजिती सुरू झाली. तिच्यासोबत गावातला कृषीमित्र बिसराम राहे. बिसरामची छाती ही एवढी, मिशी ती तेवढी. शेतकरी बिसरामले नमस्कार करत, त्याले खाटेवर बसवत, अन् हिले म्हणत, "बाई, सायबाले पाणी द्या." बिसराम बिचारा सांगून सांगून थकला का अरे बापा, साहेब ह्याच हायेत! एक दिवस माह्याकडं आली अन् ढसाढसा रडली. "मावशी, मी धानावरच्या करपा रोगाचं सांगते तं कोणी ऐकतच नाई. मी दिसतच नाई त्याईले." एवढी उंच पोरगी, अन् म्हणते दिसत नाई!

मी म्हणलं, उठ. चालून दाखव.

ढाब्यासमोरच्या मोकळ्या जागेत चालवली तिले. अन् तवा माह्या लक्षात आलं. पोरगी धुऱ्यावर चालून राहिली होती. धानाच्या शेताचा धुरा म्हणजे बांध, वीतभर रुंद. दोन्ही बाजूनं चिखल. लहानपणापासून त्याच्यावर चालणारं माणूस एका पायापुढं दुसरा पाय ठेवते, नजर पायात, हात आवळून. शेतात ते बरोबर हाये. पण ही हायवेवर तशीच चाले, ऑफिसात तशीच चाले.

"अवो," मी ओरडली, "चौपदरी रस्ता हाये हा! धुरा नाई! पडशीन तं कुठं पडशीन?"

ती हसली. तिथून कामाले सुरुवात झाली. दर रविवारी ये म्हणलं. डोक्यावर पुस्तकं ठेवाचे शहरी चोचले मी केले नाई. पहिले तं खांदे. खांदे मागं ओढाचे नाई, नुसते सोडून द्याचे. मंग नजर. पायात नाई, आभाळात नाई, समोरच्या माणसाच्या कपाळावर. ट्रकवाला हॉर्न मारते तं मारू दे, त्याच्या गाडीचा हॉर्न हाये, तुह्या पायाचा ब्रेक नाई. अन् सगळ्यात मोठं शिकवलं ते दाराचं. दारातून आत आली का लगेच पळत सुटाचं नाई. थांब. एक श्वास घे. लोकाईले पाहू दे का कोणीतरी आलं. मंग चाल.

हे एवढं बोलाले सोपं हाये. तिच्या पाठीले मात्र कळ लागे. रात्री फोन करे, "मावशी, बरगड्या दुखून राहिल्या." मी म्हणे, दुखू दे, इतके दिवस झोपल्या होत्या त्या.

अन् मंग पावसाळ्याआधी एका गावात शेतकऱ्यांची सभा होती. मी तिथं नव्हती, पण बिसराम दुसऱ्या दिवशी खास माह्या पार्लरात आला. बायकाईच्या पार्लरात! म्हणे, "ताई, काल म्याडम दारात आल्या, थांबल्या. सगळे गप. मंग म्याडम समोर गेल्या तं सरपंच खुर्चीवरून उठला ना! अन् मले कोणी विचारलंच नाई. मी मागं उभा होतो, पाणी पण मलेच वाटा लागलं." असं म्हणून तोच खदखदा हसला. मी त्या दिवशी अख्ख्या ढाब्याले चहा पाजला.

आता समजलं ना, माहं डोकं काऊन फिरलं ते?

पोरगा तिरोड्याकडचा, बोदलकसा तलावाजवळच्या गावचा. नाव ओमेश. राईस मिलच्या मशिनी दुरुस्त कराचं स्वतःचं वर्कशॉप हाये. दोन महिन्यांपासून दोघं फोनवर बोलून राहिले होते. फोटो पाठवत होते. मी ते फोटो पाह्यले होते. ओमेश मोटरसायकलवर बसलेला, ओमेश खुर्चीत बसलेला, ओमेश मशिनीजवळ उकिडवा बसलेला. हिचे फोटो पण तसेच, सगळे बसलेले. दोन महिन्यात दोघांपैकी एकही उभं राह्यलं नाई! अन् आता मध्यस्थानं बातमी देल्ली का पोरगा पोरीपेक्षा उंचीले चांगलाच कमी भरन. याच्याआधी दोन स्थळं हिच्या उंचीपायी परत गेली होती. म्हणून अनुसयाबाईचा जीव टांगणीले लागला होता.

"साडीच्या आतून गुडघे वाकवाचे," बाई मले समजावून सांगत होती. "कोणाले दिसत नाई. लग्न लागलं का मंग राहा म्हणा सरळ."

"अन् जन्मभर नवऱ्याजवळ काय रांगत जाईन ती?"

तेवढ्यात भूमिका आत आली. बाहेर थांबून सगळं ऐकत होती. ताठ आली, बरोबर दारात थांबली, श्वास घेतला. अन् म्हणली, "मावशी, शिकव."

मले वाटलं मले ऐकू कमी येऊन राहिलं.

"मले तो आवडते," ती म्हणली. "तो फोनवर हसते ना, तं मले फोन ठेवाच वाटत नाई. मी त्याले करप्याचं सांगते तं तो ऐकते, उलट प्रश्न विचारते. असा माणूस मले कुठं भेटन? एक दिवस वाकली तं वाकली. तू नाटकात म्हातारी करत होती ना? ते शिकव."

आता माणसानं काय करावं? भांडण अनुसयाबाईशी करता येते, हिच्याशी कसं करू? शिकवलं. गुडघे थोडे मोडाचे, कंबर खाली सोडाची, पाऊल घासत टाकाचं. माह्याच हातानं मी ते खांदे पुन्हा पाडले. पोरगी हुशार, लगेच शिकली. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं अन् आत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी नवेगावले गेली. पाहुणे आले. ओमेश, त्याची आई, अन् मामा शालीकराम. हा मामा म्हणजे सगळ्या पाहणीचा कारभारी. पांढरा सदरा, खिशात पेन, अन् घरात पाय ठेवल्या ठेवल्या छताच्या कवेलूपासून तपासणी सुरू. छपरीच्या, म्हणजे समोरच्या पडवीच्या पायरीजवळ सगळ्याईनं चपला काढल्या. ओमेशनं बूट काढलेच नाई. हे एवढे जाड तळव्याचे बूट, अन् तसाच सतरंजीवर येऊन खुर्चीत बसला. उदाराम भाऊजी त्या बुटाकडं पाहून राहिले.

"त्याच्या पायाले लागलं हाये," मामा घाईघाईनं म्हणला.

ओमेश लाल झाला. पण चेहरा चांगला होता त्याचा, मोकळा. मी मनात म्हणलं, पोरीची निवड वाईट नाई.

मंग भूमिका चहाचा ट्रे घेऊन आली. हिरवी साडी, अन् साडीच्या आत मोडलेले गुडघे. मले पाहवेना. चहा देल्ला, बसली. शिक्षण, नोकरी, शेती किती, सगळं झालं. सगळं बरं चाललं होतं. अनुसयाबाईच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

अन् शालीकराम मामानं कप खाली ठेवला. "पोरी, जरा चालून दाखव."

बापा! अजूनही हे विचारते लोक. पोरगी सरकारी नोकरीत हाये, गावोगाव फिरते, अन् याले चालून दाखव! मी तोंड उघडणार होती तं अनुसयाबाईनं माही मांडी अशी चिमटली का डोळ्यातून पाणी आलं.

भूमिका उठली. गुडघे मोडलेलेच. छपरीच्या या टोकाहून त्या टोकाले निघाली. पाऊल घासत, कंबर हलवत, मान खाली. सगळे पाहून राहिले. ओमेशच्या आईचा चेहरा उतरला. तिनं माह्या बहिणीकडं वाकून, अगदी हळू, चांगल्या मनानंच विचारलं, "बाई, पोरीच्या पायात दोष हाये का वं?"

भाऊजी चुळबूळ करून राहिले. शालीकराम मामानं मान डोलावली, जसं त्याले पहिलेच माहीत होतं. घ्या! उंची लपवाले गेलो अन् पोरगी लंगडी ठरली!

भूमिकेनं ऐकलं होतं. ती दुसऱ्या टोकाच्या खांबाजवळ आमच्याकडं पाठ करून उभी होती. हिनं आता "हो" म्हणलं तं गेलं, "नाई" म्हणलं तं दाखवा लागन, अन् दाखवलं तं कदाचित ओमेश गेला. अन् मंग मले दिसलं का तिचे खांदे मोकळे सुटले. गुडघे सरळ झाले. मान वर आली. ती वळली, थांबली, एक श्वास घेतला.

अन् चालत आली.

काय सांगू तुम्हाले! माही पोरगी आली. नजर समोर, हात मोकळे, पाऊल पूर्ण टेकवून. तीच छपरी, पण मले वाटलं मांडव लहान पडून राहिला. मी एवढे सिझन राण्या केल्या, पण मुकुट घालून, पावडर लावून. हिच्या अंगावर साधी साडी होती. मले इतका अभिमान वाटला का मी उठून उभीच राह्यली, अन् अनुसयाबाई मले खाली ओढत होती तरी बसली नाई.

भूमिका ओमेशच्या आईसमोर येऊन थांबली.

"पायात काही दोष नाई, आई," ती म्हणली. "मी उंच हाये. ते तुम्हाले दिसू नये म्हणून वाकली होती. आता नाई वाकणार."

शालीकराम मामा एकदा हिच्याकडं पाहे, एकदा भाच्याकडं पाहे. हिशोब जुळून नव्हता राहिला त्याचा. मंग खाकरला अन् म्हणला, "चला, निघावं म्हणतो."

माही सहनशक्ती तिथं संपली. "निघता कुठं मामाजी? आमच्या पोरीनं चालून दाखवलं ना? आता पोराले म्हणा, चालून दाखव. पायाले लागलं म्हणता, पाहू तं द्या आमाले किती लागलं!"

"संध्या!" भाऊजी ओरडले.

"अवो बाई, पोराले कोणी चालून दाखव म्हणते का?" मामा उखडला.

पण ओमेश वाकला होता. बुटाची लेस सोडून राहिला होता. एक सोडली. दुसरीची गाठ बसली होती, ती काही निघेना. सगळी छपरी त्याच्या त्या बोटाईकडं पाहून राहिली होती. शेवटी बूट निघाला. आतून रबराचा एक जाड तुकडा टपकन् सतरंजीवर पडला. त्याच्या आईनं डोक्याले हात लावला.

तो उठला. खरंच बुटका होता. अनवाणी पायानं छपरीच्या त्या टोकापर्यंत गेला. पहिले मान खाली होती. खांबाजवळ पोचला, वळला, अन् भूमिकेकडं पाह्यलं. मंग मान वर करून, छाती मोकळी सोडून परत आला. कोणी शिकवलं नव्हतं त्याले. सरळ येऊन तिच्या बाजूले उभा राह्यला. तिच्या कानापर्यंत आला.

"पायाले काही लागलं नाई," तो म्हणला. "मी एवढाच हाये. चालते का?"

भूमिकेनं त्याच्याकडं पाह्यलं. पाहाले तिले मान थोडी खाली करा लागली, पाठ नाई.

"चालते," ती म्हणली.