वसंताचा तोंडवळा

आमचे मास्तर जीव गेला तरी खोटं बोलणार न्हाईत, असं मी चारचौघींत छातीठोक सांगायची. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावं वाटतं.

मास्तर म्हंजे माझा नवरा, रामकिसन. जाफराबादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घरात देव्हारा न्हाई, लग्नाला मुहूर्त पाह्यला न्हाई, सूर्याला गिरण लागलं की मुद्दाम ओट्यावर भाकरी खात बसायचे. लोक हसायचे, पण मानायचेही. बोलतो तसा वागतो, असा त्यांचा दबदबा होता.

नव्वदच्या दिवाळीत आम्ही गावी गेल्तो, राजूरच्या अलीकडं, थोरले दीर कारभारी यांच्याकडं. तिथं आमचा वसंता तापला. एकुलता एक, सात वर्षांचा. ताप मेंदूत गेला अन् जीप येईस्तोवर पोरगं आमच्या हातावर गेलं. मळ्यात पुरलं त्याला.

आमच्याकडं माणूस जिथं जातो त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात अन् पिठावर बांबूची पाटी पालथी घालतात. दहाव्याला पाटी उचलून ठसा पाहतात. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, माणसाचा उमटला तर माणसाचा. जाऊबाई नंदाबाईंनी पीठ काढलंही होतं. मी म्हणलं, घाला. माझं लेकरू कुठं गेलं, एवढंच मला पाहायचं होतं. मास्तर मधी आडवे आले. माझ्या दोन्ही खांद्यांला धरून म्हणले, "उषा, तो कुठंच गेला न्हाई. संपला. त्याला कुठंच शोधू नको." अन् दुसऱ्या दिवशी मला भावासंगं अंबडला माहेरी धाडून दिलं. तिथं तुला जरा बरं वाटंल, म्हणले.

कुठंच न्हाई. हे पचवायला मला काय लागलं ते माझं मला माहीत. खिडकीत चिमणी बसली की शेजारीण म्हणायची, वसंता आला बघ. मी तिला झिडकारायची. कोणाचं बाळ माझ्याकडं पाहून हसलं की पदरानं डोळे पुसून पुढं निघायची. लईच भरून आलं तर मास्तरांकडं पाहायची. यांचंही लेकरू कुठंच न्हाई, तरी हा माणूस उभा हाय, मंग मीही राहीन. एवढ्यावर मी दिवस काढले.

सत्त्याण्णव साली विलायतेत एका मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केल्याचं पेपरात आलं. मास्तर येडेच झाले. गुंडाळायच्या फळ्यावर मेंढ्या काढल्या अन् रजा टाकटाकून गावोगावच्या शाळांत व्याख्यानं देत हिंडू लागले. मोठ्या पोरांपुढं कमी, पहिली-दुसरीच्या वर्गांत जास्त. मी चेष्टा करायची, ज्यांना आपलं नाक पुसता येत न्हाई त्यांना पेशी काय कळायच्या. ते म्हणायचे, लहानपणीच कानावर पडलेलं बरं. त्याच्या आधीही तसंच. पोलिओच्या डोसाची ड्युटी बाकीचे मास्तर टाळायचे, हे मागून घ्यायचे. मला वाटायचं, आपलं गेलं म्हणून हा माणूस जगाच्या लेकरांत जीव रमवून राह्यला. अभिमान वाटायचा हो मला.

त्याच साली राजूरला, गणपतीच्या मंडपात त्यांचं मोठं व्याख्यान झालं. मीही संगं गेल्ते. उद्या माणसाचाही असा दुसरा करतील, असं मास्तर म्हणले तशी तातेराव महाराज उठले. कीर्तनकार माणूस, आवाज खणखणीत. भांडं दुसरं घडवाल मास्तर, पण त्यात पाणी कोण ओतणार, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणले, पाणी-बिणी काही न्हाई, भांडं हाच माणूस. लोक हसले. महाराज हसले न्हाईत. मंग ज्या आईचं लेकरू गेलं तिनं रडावं कशाला, दुसरं करून घ्यावं, असं ते म्हणले.

मी बायकांत बसले होते. कशी उठले, माझं मला कळलं न्हाई.

"माझ्या लेकराचं जावळ पेटीत हाय," मी म्हणलं. "त्याच्यातून तो होईल का?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"न्हाई. कापलेल्या केसात जित्ती पेशी नसती. अन् असती तरी जुळ्या भावावाणी दुसराच झाला असता. तोंड तेच, पण पोरगं येगळं. त्यानं तुम्हाला ओळखलंही नसतं."

'तुम्हाला' म्हणले मला, परक्या बाईला म्हणावं तसं. काळीज चिरलं माझं. तरी मनात म्हणलं, खरं बोलला. भर मंडपात बायकोलाही खोटा धीर दिला न्हाई.

जेवायला आम्ही दिराच्या घरी गेलो. चुलीपाशी भाकरी थापता थापता नंदाबाई माझी समजूत घालायला लागल्या. कशाला मनाला लावून घेता म्हणल्या, लेकराला माणसाचा जन्म भेटलाय, भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाह्यलं की. मी म्हणलं, काय पाह्यलं? तसा त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत मास्तरांनी मला सांगितलं असंल, असं बिचारीला वाटलं होतं.

मंग मी एकेक करून सगळं काढून घेतलं. मला अंबडच्या गाडीत बसवून मास्तर घरी आले अन् स्वतःच्या हातानं पीठ पसरलं. दिव्यात तेल घालत दहा दिवस तिथंच बसून राह्यले. दहाव्याला सकाळी पाटी उचलली. लहान लेकराच्या टाचेचा ठसा होता, नंदाबाई म्हणल्या. मास्तर त्या पिठापुढं गडाबडा लोळून रडले, अन् उषाला सांगू नका म्हणून थोरल्या भावाला गळ्याची शपथ घातली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर ओसरीवर जेवत होते, मी त्यांच्या पुढचं ताट ओढून घेतलं. दीर उठून बाहेर गेले. मास्तरांनी आधी मला शास्त्र सांगितलं. पीठ हाय ते, वारं लागून, पाटी हालून कसाही ठसा उमटतो, मला तवाही कळत होतं, म्हणले. मंग रडले कशाला, मी विचारलं. मंग म्हणले, तुला सांगितलं असतं तर तू गावोगावची पोरं पाहात हिंडली असती, येडी झाली असती.

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोलिओचे डोस, पहिली-दुसरीचे वर्ग, मेंढ्यांचा फळा. वसंता गेल्यावर जन्मलेली पोरं आधी डोसाच्या वयाची होती, अन् त्या साली पहिलीत.

"तुम्ही हिंडले," मी म्हणलं.

न्हाई म्हणले न्हाईत.

पिठाला मानलं याचा राग न्हाई आला मला. बापच हाय, मानंल. पण मला 'कुठंच न्हाई' देऊन स्वतः एकट्यानं 'कुठंतरी' ठेवून घेतलं. मी यांच्या छातीकडं पाहून माझं रडू गिळत राह्यले, अन् हे रोज आशेवर जगून राह्यले. सोबत म्हणून ज्याला धरलं तो माणूस माझ्या सोबत कधी न्हव्हताच. हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज चढला माझा, चढू दिला.

अन् शेवटी, इतकं सगळं बोलून झाल्यावर, मेलं माझं आईचं मन, मी विचारलं, "भेटला का?"

"न्हाई," मास्तर म्हणले. "दोनदा वाटलं. तीच हनुवटी, तेच डोळे. जवळ गेलो तर न्हाई. मी एकेकाचं तोंड नीट पाहतो, उषा. वसंताचा तोंडवळा मी कुठंही ओळखीन."

त्या शब्दाला मी त्यांना अडवलं.

"तोंडवळा? आत्ता मंडपात काय सांगितलं तुम्ही? तोंड तेच असलं तरी पोरगं येगळं. अन् महाराजांचं खरं धरलं तर जीव तोच येतो, पण तोंड दुसऱ्या आईबापाचं घेऊन. मंग तुम्ही कोणाला शोधून राह्यलात?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या मनातच आलं न्हव्हतं. चल माझ्यासंगं, तू ओळखशील, असं काहीतरी पुटपुटले. मी उठून आत गेले.

त्या पिठाला मी मानते का, ते मला आजही सांगता येत न्हाई. पण एक गोष्ट डोळ्यांपुढून बिलकुल हालत न्हाई. कुठल्या तरी शाळेत पुढच्या रांगेत माझं लेकरू बसलं असंल, दुसऱ्याच कोणाचं नाक अन् दुसऱ्याच कोणाचे डोळे घेऊन. फळ्यावरच्या मेंढ्यांकडं टकामका पाहात असंल. बापानं त्याचं तोंड नीट न्याहाळलं असंल, अन् हा न्हाई म्हणून पुढच्या पोराकडं सरकला असंल.

मी असते तर एकालाही न्हाई म्हणले नसते.