दिव्यानीच्या जबड्यातली पट्टी

मी पट्टी बोलतेय. कोणती, ते लगेच विचारू नका. जखमेची पट्टी असते, शाळेतली असते, ग्रामपंचायतीची पाणीपट्टीही असते. या नावापायी माझ्या जन्माचा घोळ झाला आहे. मी टायटॅनियमची आहे आणि सावली गावच्या दिव्यानीच्या वरच्या जबड्यात, ओठामागे, हाडाला स्क्रूंनी घट्ट बसवलेली आहे.

माझा जन्मही धड समजण्यासारखा नाही. आधी दिव्यानीच्या जबड्याचा स्कॅन झाला, मग कॉम्प्युटरवर माझं चित्र निघालं आणि मग धातूची भुकटी थरावर थर वितळवून मला घडवलं. दुसऱ्या कुणाला मी बसणारच नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. जबडा जेवढा रुंद हवा होता, त्याहून माझं माप जरा जास्त होतं. घडवणाऱ्याचा हात चुकला म्हणावं, तर कुणी काही बोलेना.

दिव्यानीचा वरचा जबडा लहानपणापासून अरुंद. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडायच्या, घास नीट चावला जायचा नाही. घरी कुणी आलं की ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. नागपूरच्या डॉक्टरांनी तो जबडा मधोमध मोकळा करून रुंद केला आणि तसाच राहावा म्हणून मला बसवलं. माझं काम एवढंच की हलायचं नाही. काहीच न करणं हे काम कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तिची आई मनकर्णा गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. "पट्टी बसवली आहे," असं डॉक्टर म्हणाले, ते तिला जखमेच्या पट्टीसारखं वाटलं. काही दिवसांनी शेजारच्या नीलाबाईंनी विचारलं, "काऊन वो मनकर्णा, पोरीची पट्टी निंगाली का नाई?"

"नाई ना बाई. पुढच्या खेपेले काढतीन. पट्टी जास्त दिस ठेवली त जखम चिघळते."

हाडातून मला सगळं ऐकू येतं. मी घाबरून गेले. जखम तर कधीच भरली होती आणि हाड मला बिलगून वाढत होतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं की ही आतच राहते, त्रास झाला तरच काढायची. मनकर्णानं घरी येऊन सांगितलं, "पट्टी आता पोरीसंगंच राह्यते म्हणे." नीलाबाई वाकून दिव्यानीच्या तोंडात पट्टी शोधू लागल्या.

वर्षं गेली. मी हाड झाले की धातूच राहिले, माझं मलाच सांगता येईना. दिव्यानी गडचिरोलीला कापडाच्या दुकानात कामाला लागली. तिथल्या मुलींच्या घोळक्यात बसून ती डबा खाऊ लागली. तिखट चिवडासुद्धा कुरुमकुरुम चावायची, आणि मला फार बरं वाटायचं.

मग एक दिवस तिनं जीभ दाढांवरून फिरवली आणि थांबली. घरी येऊन म्हणाली, "आई, माहा जबडा वापस आत चाल्ला."

"पट्टी ढिली झाली असन," मनकर्णा म्हणाली.

मी ढिली नव्हते. तसूभरही हलले नव्हते. पण दाढा किंचित आत आल्या होत्या, हेही खरं. मग हललं कोण? त्या दिवसापासून दिव्यानी पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. ते मला बघवेना.

मायलेकी नागपूरला गेल्या. डॉक्टरांनी जुना स्कॅन आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी ठेवले. "हाड आहे तिथेच आहे. दाढा जराशा आत आल्यात. एवढं होणारच, म्हणून आधीच थोडं जास्त रुंद केलं होतं. आता त्या हव्या तिथे आल्यात."

मनकर्णाचा चेहरा उजळला. "म्हंजे माया सोडली व्हती म्हणा ना."

डॉक्टरांना काही कळेना. दिव्यानीनं सांगितलं, ब्लाउज शिवताना शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. सांगता सांगता ती हसली, तोंडावर हात न ठेवता. तेव्हा कुठे मला कळलं की माझं माप चुकलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी उगाच मनाला लावून घेतलं होतं.

परतताना बसस्टँडच्या बाकावर दिव्यानीनं डबा उघडला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून भाकरी खाल्ली.

माझी आता एकच विनंती आहे. पट्टी कधी निघणार, असं कुणी विचारलं तर सांगा, ती राहायला आली आहे.

घोळ मात्र सरला नाही. संध्याकाळी मनकर्णा नीलाबाईंना म्हणाली, "माया व्हती म्हणून जबडा टिकला बाई." नीलाबाई म्हणाल्या, "मायची माया असतेच वो." मनकर्णानं सुईत दोरा ओवला आणि नुसती मान हलवली. तिला कोणती माया म्हणायची होती, ते मला अजून कळलेलं नाही.