पृष्ठे ४१ ते ५८

"इथं स्वल्पविराम नको, पूर्णविराम हवा. आणि नियतकालिकाचं नाव तिरपं कर," पडद्यावरची नजर न काढता मावशी म्हणाली.

शेजारी बसलेल्या मुलीनं वहीत लिहून घेतलं. दुपारी चारपर्यंत तिला प्रबंध जमा करायचा होता आणि संदर्भसूचीतल्या दोनशे चौदा नोंदींपैकी निम्म्या अजून विस्कटलेल्याच होत्या. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या त्या टायपिंगच्या दुकानात मावशी बावीस वर्षं हेच करत आली होती. आधी आडनाव, मग कंसात साल, मग शीर्षक. विद्यार्थी तिला पाठीमागे 'स्वल्पविराम मावशी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एकशे सदतिसाव्या नोंदीपाशी तिचे हात थांबले. विहिरींच्या खारट पाण्यावरचा लेख. लेखक एकच, एक नावाजलेले प्राध्यापक.

तो लेख तिच्या ताईचा होता. तीन उन्हाळे पायपीट करून, एकेका विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून ताईनं तो लिहिला होता. तिचे मार्गदर्शक असलेल्या याच प्राध्यापकांनी तो स्वतःच्या नावानं छापला. ताई विचारायला गेली, तेव्हा म्हणाले, "तळटीपेत आभार मानलेत की तुझे." घरी येऊन ताईनं कागद बांधून ठेवले. प्रबंध सुटला तो सुटलाच.

मावशीनं प्राध्यापकांच्या नावाआधी ताईचं नाव टाइप केलं. मग "आलेच हं" म्हणून उठली आणि मागच्या गल्लीतल्या घरी गेली.

ताई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"ताई, तुझा लेख आलाय एका मुलीच्या यादीत. मी तुझं नाव घातलंय त्यात."

ताईनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली.

"तिला परीक्षकांनी विचारलं, तर ती काय सांगेल?"

"मला ते तसंच ठेवणं नाही जमत गं."

"मला तरी कुठं जमलं? काढ ते. पोरीचं वर्ष जायचं उगाच." सुई पुन्हा हातात घेत ताईनं विचारलं, "पानं कुठून कुठवर लिहिलीत?"

"एक्केचाळीस ते छप्पन्न."

"अठ्ठावन्न. शेवटची दोन पानं विहिरींच्या यादीची आहेत. लोक ती सोडून झेरॉक्स काढतात."

दुकानात मुलगी सारखी घड्याळाकडे बघत होती. मावशी खुर्चीत बसली. ताईचं नाव तिनं एकेक अक्षर मागे येत पुसलं. मग छप्पन्नचे अठ्ठावन्न केले.

"मोठी चूक होती का, मावशी?" मुलीनं घाबरत विचारलं.

"नाही. एक आकडा चुकला होता."

मुलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीनं पदरानं चष्मा पुसला आणि एकशे अडतिसावी नोंद वाचायला घेतली.