बाबा हलेपर्यंत

आईच्या पंचाहत्तरीसाठी घेतलेल्या हॉलमध्ये एक प्रोजेक्टर होता, एक पडदा होता, आणि खुर्च्यांवर बसलेले सगळे नातेवाईक प्रोजेक्टरचे तज्ज्ञ होते. यातली शेवटची गोष्ट आम्हाला कार्यक्रम अडल्यावर कळली.

तोपर्यंत सगळं बरं चाललं होतं. ताईने महिनाभर खपून लॅपटॉपवर आईच्या आयुष्याच्या स्लाइड्स केल्या होत्या. दोन वेण्यांतली आई, नोकरीच्या पहिल्या दिवशीची आई, लग्नात कॅमेरा सोडून स्वतःच्या चपलांकडे बघणारी आई. प्रत्येक फोटोला आत्या पहिल्या रांगेतून दुरुस्ती सुचवत होती.

"ती मी नाहीच. मी एवढी जाड कधी होते?"

लोक हसत होते. आईही हसत होती, पण दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाला आल्यासारखी. ती शेवटच्या स्लाइडची वाट बघत होती.

शेवटच्या स्लाइडवर बाबांचा व्हिडिओ होता. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो खंडीभर, पण हलते-बोलते बाबा एवढेच, आईने तिच्या पहिल्यावहिल्या मोबाइलवर टिपलेले. तो मोबाइल बाबांच्या पाठोपाठ गेला, आणि त्यातलं कार्ड ताईला परवा शिवणाच्या डब्यात सापडलं. सकाळी गाडीत आई म्हणाली होती, "बाकीचे फोटो मला पाठ आहेत रे. मला फक्त ते शेवटचं दाखवा. यांचा आवाज हल्ली आठवतच नाही. आठवायला गेलं की रेडिओवरचा बातम्यांचा माणूस बोलायला लागतो."

ताईने बटण दाबलं. पडद्यावर एक काळा चौकोन आला आणि तिथेच राहिला.

"प्रोजेक्टर गेला," आत्याने जाहीर केलं.

भावजी उठले. भावजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांच्या कारकिर्दीत बँकेत कॉम्प्युटर आले, त्यामुळे कॉम्प्युटर ही जमात आपल्या हाताखाली वाढली असं ते मानतात. त्यांनी केबल काढली, तिच्यावर फुंकर मारली, परत लावली. चौकोन काळाच. मग त्यांनी कसलीतरी सेटिंग बदलली, तसा ताईचा सगळा डेस्कटॉप पडद्यावर उघडा पडला.

"अगं, त्या फोल्डरचं नाव 'सासरची कटकट' असं आहे का?" मागून कुणीतरी विचारलं.

भावजींनी तत्परतेने प्रोजेक्टर बंद केला. मग चालू केला. तो तापेपर्यंत त्याचा पंखा घरघरत राहिला आणि त्या वाऱ्यावर चहूकडून सल्ले येत राहिले. दिवे घालवा. दिवे लावा. पडदा उलटा टांगला असेल.

मी जाऊन लॅपटॉपमध्ये डोकावलो. तिथेही काळा चौकोनच होता.

"भावजी, प्रोजेक्टर निर्दोष आहे. इथेच काही दिसत नाहीये." चौकोनाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की फाइल सापडत नाही. "ताई, मूळ व्हिडिओ कुठाय?"

"स्लाइडमध्ये."

"तू जोडलाय तसा स्लाइडमध्ये नुसता त्याचा पत्ता राहतो. तो स्वतः फोल्डरमध्ये असावा लागतो."

"होता की. काल लावून बघितला, छान चालला. मग फोल्डरमधला काढून टाकला."

"का?"

"अरे, एकच गोष्ट दोन-दोन ठिकाणी कशाला ठेवायची?"

हे वाक्य ताईचं नव्हतंच. आमच्या घरात कात्री एक होती, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर. टॉर्च एक, नेलकटर एक. कात्र्या दोन असल्या की वेळेला एकही सापडत नाही, असा बाबांचा सिद्धान्त होता. कुणी भेट म्हणून दुसरी छत्री दिली तर ती संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांकडे जायची, आणि पावसात बाबा, ताई आणि मी एका छत्रीखालून सिद्धान्त भिजवत घरी यायचो.

"आणि कार्ड?" मी विचारलं.

"तेही पुसलं," असं म्हणून ताई स्टेजच्या कडेवर बसली. हातात क्लिकर तसाच.

आईने खुर्चीतून हे सगळं पाहिलं. "राहू दे गं," ती म्हणाली. "जेवणं गार होतील." मग तिने पर्स उघडली, आत काहीही शोधलं नाही, आणि बंद केली.

ती पर्स बंद होताना मला आमची केराची टोपली आठवली. तीही बाबांच्याच खात्यात होती. स्वतः बघितल्याशिवाय ते केर घराबाहेर जाऊ देत नसत. सुट्टीच्या सकाळी जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर टोपली पालथी करायची आणि पाटावर बसून एकेक वस्तूची सुनावणी घ्यायची. पेनचं टोपण, सदऱ्याचं बटण, वीतभर सुतळी. आई वैतागून म्हणायची, "अहो, लोक बघतात." एकदा त्या ढिगातून तिचंच कानातलं निघालं, तेव्हापासून विरोधी पक्ष कायमचा खाली बसला.

"ताई," मी म्हणालो, "लॅपटॉपमधली कचरापेटी रिकामी केलीस का?"

तिने वर बघितलं. चेहऱ्यावर भलताच अपमान. "बघितल्याशिवाय कशी करीन?"

मी पेटी उघडली.

पेटीत ताईची अर्धी दुनिया होती, आणि तिच्यात बाबा. 'पुन्हा जागेवर ठेवा' असं बटण असतं, ते मी दाबलं. फाइल मुकाट्याने मूळच्या फोल्डरमध्ये गेली. काळ्या चौकोनाच्या जागी अंगणाचं फाटक दिसायला लागलं.

"थांबा," भावजी म्हणाले. "आवाज प्रोजेक्टरकडे जातोय, आणि त्याला स्पीकरच नाही." या वेळी त्यांचं बरोबर होतं. त्यांनी आवाज लॅपटॉपवर वळवला आणि हॉलचा माइक त्याच्याजवळ धरला. मी व्हिडिओ सुरू केला.

फाटकापाशी बाबा. इस्त्रीचा शर्ट, हात दोन्ही बाजूंना सरळ, हनुवटी वर. ते उभे होते. उभेच होते.

"अडकला," कुणीतरी पुटपुटलं. भावजींचा मोकळा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका," आई म्हणाली. ती केव्हा उठून लॅपटॉपपाशी आली ते कळलंच नव्हतं. "अडकला नाहीये. यांना वाटतंय मी फोटो काढतेय."

सगळा हॉल बाबा हलायची वाट बघू लागला. बारकाईने पाहिलं तर शर्टाची कॉलर वाऱ्याने थरथरत होती. फोटोत डोळे मिटतात म्हणून बाबांनी ते ताणून उघडे ठेवले होते, आणि आता त्यांना पाणी आलं होतं. शेवटी चेहरा जराही न हलवता, ओठांच्या फटीतून ते म्हणाले, "अगं, झालं का?"

कॅमेऱ्यामागून आईचा आवाज आला. "थांबा हो. बटणच सापडत नाहीये."

"मग मी हलू का?"

इथे व्हिडिओ संपला. हॉल खदखदून हसला. आत्या डोळे पुसत म्हणाली, "शर्ट मी दिलेला आहे."

आई हसली नाही. "पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावला. तो संपल्यावर ती ताईकडे वळली. "बघ, रेडिओवाल्यासारखा मुळीच नाही. किती पातळ आवाज होता. आणखी एकदा लाव रे."

बाबा पुन्हा फाटकापाशी उभे राहिले. या खेपेला कुणी हसलं नाही. डोळ्यांना पाणी आलं, ओठ हलले, बटण सापडेना, आणि त्यांनी विचारलं, "मग मी हलू का?"

"नका हलू," आई म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती, पण भावजींनी माइक तसाच धरलेला होता, त्यामुळे ते हॉलभर ऐकू गेलं.

जेवणं गार झाली. त्याबद्दल आत्याही काही बोलली नाही.