चौथं पान

वर्लिनने पेचकस कडीत घातला, पेटी पायाने दाबून धरली आणि जोर लावला. गंजलेली कडी वाकली, पण तुटली नाही.

पेटी पलंगाखालची होती आणि पलंगावर डेल्फा होती. पेटी ओढताना पलंगाच्या पायाला जरासा धक्का लागला, तेवढ्याने तिने गोधडीचं टोक दातांत धरलं होतं. ते तिने अजून सोडलं नव्हतं. कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरल्यापासून ती ओरडत नसे. गोधडीचं ते टोक चावून चावून चिंधीसारखं झालं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "राहू दे की ती पेटी, म्हाताऱ्या."

"किल्ली कुठं ठेवलीस ते आठव, म्हणजे कडी मोडत नाही."

"हरवली म्हणून सांगितलं ना. वीस वर्षं झाली त्याला."

"मग मोडतोच."

"मला नकोच ते कार्ड. देवाच्या दारात काय गांजा ओढून जाऊ?"

"ओढायचा नसतो आता. तेलाचे थेंब असतात, जिभेखाली धरायचे. देवाला वाससुद्धा यायचा नाही."

एरवी ती हसली असती. आज तिने तोंड भिंतीकडे केलं.

दुखण्याच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या. घेतल्या की उलटून पडत. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या तेलासाठी शिफारस लिहून दिली. त्या तारखेपासून साठ दिवसांत सरकारकडे अर्ज गेला पाहिजे, नाहीतर ती शिफारस रद्द. डेल्फाला उठता येत नव्हतं, म्हणून तेल आणायचं कार्ड वर्लिनच्या नावाने काढायचं होतं. मुलगा लॉनी ओहायोत ट्रक चालवायचा. बाहेरच्या राज्यातला माणूस चालत नव्हता. पहिला अर्ज परत आला तो फोटोत भिंतीवर सावली पडली म्हणून. दुसरा परत आला तो 'पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय' या प्रश्नावर वर्लिनने 'होय' अशी खूण केली, पण कोर्टाचे कागद जोडले नाहीत म्हणून. सगळी पानं जोडा, असं उत्तर आलं होतं. आज एकोणसाठावा दिवस होता.

"गंमत बघ," पेचकस पुन्हा आत सारत तो म्हणाला, "सदतीस वर्षांपूर्वी सरकारनं मला गांजा लावला म्हणून आत टाकलं. आता तेच सरकार विचारतंय, आत होतास त्याचा पुरावा आण, मग गांजा देतो."

कडी करकरली.

"आणि एस्टिलनं पोलिसांना काय काय सांगितलं तेही असेल यात. माझा सख्खा चुलतभाऊ. बघू तरी एकदा."

"मेलेल्या माणसाला कशाला उकरतोस?"

"तो मेला तेव्हाही मी गेलो नाही. आता वाचायला काय हरकत आहे?"

कडी तुटली. आत लॉनीचे बाळपणीचे बूट होते, डेल्फाच्या आईचा कंगवा होता, आणि तळाशी दोरीने बांधलेले सहा कागद. कोर्टाने ते दिले तेव्हा वर्लिनला अक्षर येत नव्हतं. तो वाचायला शिकला ते तुरुंगात, बाजूच्या खाटेवरच्या एका मास्तराकडून, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सुटून आला तेव्हा पेटीला कुलूप होतं, आणि त्यालाही ते दिवस पुन्हा बघायचे नव्हते.

त्याने पाण्याचा पेला आणि फोन तिच्या हाताशी ठेवला.

"तासाभरात येतो."

"वर्लिन," ती म्हणाली. मग नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. "सावकाश चालव."

गावातल्या वाचनालयात रोझेला नावाची बाई लोकांचे सरकारी अर्ज भरून द्यायची. वर्लिनला बघताच तिने बाजूची खुर्ची ओढली.

"आणलेत, वर्लिनकाका? या वेळी अडवलं तर मीच जाते राजधानीला चप्पल घेऊन. काकू कशी आहे?"

"आहे. रात्रभर गोधडी चावते."

रोझेलाचा चेहरा उतरला. तिने पहिलं पान स्कॅन करायच्या यंत्रावर उलटं ठेवलं. "ओळीने एकेक देत जा. दोरीनं पार मुडपलीत हो. जरा सरळ करा."

वर्लिनने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बाकीची पानं मांडीवर घेतली. पहिल्या तीन पानांवर कलमं आणि नुसते आकडे होते; ती ओळीने यंत्रावर गेली. चौथ्या पानावर अक्षर टाइपाचं असलं तरी वाक्यं माणसांच्या बोलण्यासारखी होती. त्याने बोट ठेवलं. ओठ हलू लागले.

'माहिती आरोपीच्या पत्नीने स्वतः ठाण्यावर येऊन दिली.'

त्याचं बोट ओळीच्या सुरुवातीला परत गेलं. पुन्हा तेच निघालं. तो पुढे सरकला.

'आरोपीने चोरांच्या भीतीने झाडांमध्ये दोऱ्यांना मासे धरायचे गळ टांगले आहेत. नऊ वर्षांचा मुलगा बापाला शोधत तिथे गेला असता गळ त्याच्या गालात शिरला. झाडं तेवढी उपटून टाका, माणसाला नेऊ नका, अशी पत्नीने विनंती केली.'

गळ त्याने छातीच्या उंचीवर टांगले होते. मोठ्या माणसाची छाती. लॉनीच्या उजव्या गालावर अजून पांढरी रेघ आहे. काटेरी तारेत अडकला, असं डेल्फाने सांगितलं होतं, आणि त्याच संध्याकाळी वर्लिनने कुंपणाची सगळी तार ओढून ओढ्यात फेकली होती. पोलीस आले ते त्याच्या चौथ्या दिवशी.

"काका, पान चार."

त्याने ऐकलं नाही.

"वर्लिनकाका. हातातलं द्या."

पान द्यायला त्याला जरा वेळ लागला. बोटं उघडेनात. रोझेलाने ते हळूच सोडवून घेतलं, न वाचता यंत्रावर ठेवलं, मग पाचवं, मग सहावं.

"झालं बघा. आता इथं एवढं भरायचं. रुग्णाशी नातं काय?"

खिडकीबाहेर वर्लिनचा जुना ट्रक उभा होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"काका? नातं विचारतंय."

"नवरा."

"किती वर्षांपासून एका घरात राहता?"

"बावन्न," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यातली दोन मी नव्हतो. तीही धर. घर तिनं चालवलं."

रोझेलाने बावन्न लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गेला एकदाचा. वेळेत गेला. दहा दिवसांत कळवतील."

"दहा," वर्लिन म्हणाला. दहा रात्री त्याने मनातल्या मनात मोजल्या. मग चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला.

परत येताना ओढ्यापलीकडच्या टेकडीवर दफनभूमी दिसते. तिथे फाट्यावर त्याने ट्रक थांबवला. इंजिन चालूच ठेवलं. एस्टिलचा दगड वरून तिसऱ्या ओळीत आहे, हे त्याला इतरांकडून माहीत होतं. पस्तीस वर्षं तो माणूस ओढ्यापलीकडून हात वर करायचा आणि वर्लिन मान फिरवायचा. शेवटी शेवटी एस्टिल हात अर्धाच वर करायचा. दर हिवाळ्याआधी डेल्फा सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी त्याच्या घरी पोचवायची. त्या चहाडखोराला कशाला, म्हणून वर्लिन दरवर्षी भांडायचा, आणि ती न बोलता चपला घालून निघायची.

वर जायला दहा मिनिटं लागली असती. पण घरी पेला रिकामा झाला असेल. त्याने ट्रक घराकडे वळवला.

डेल्फा जागी होती. कपाळावर घाम होता.

"गेला?"

"गेला. दहा दिवस म्हणतात."

"सगळी पानं घेतली?"

"सगळी."

तिने ओठ ओले केले. "तू वाचलीस?"

"चष्मा घरीच राहिला ना माझा," वर्लिन म्हणाला. "रोझेलानं भराभर लावली. तिला काय, गर्दी होती."

तो तिची उशी नीट करायला वाकला. खिशातला चष्मा सरकला आणि गोधडीवर पडला, तिच्या हातापाशी.

मग डेल्फाने चष्मा उचलला. झग्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. दांड्या मिटून तिने तो त्याच्या खिशात परत ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

"एस्टिलच्या बायकोला या साली मुरंबा गेला नाही," ती म्हणाली.

वर्लिनने पायाने पेटी पलंगाखाली सारली. या वेळी अगदी हळू, धक्का लागू न देता.

"बरणी कुठं आहे ते सांग," तो म्हणाला. "मी नेऊन देतो."